बॉनेटवरची टकटक

चहाचे कप खाली न्यायचे आणि रिकामे कप वर आणायचे, एवढंच काम अजून नव्या सुनेच्या वाट्याला आलं होतं. लग्न नुकतंच झालेलं. तिच्यावर काय सोपवावं आणि काय सोपवू नये, याबद्दल सासूबाईंचा निर्णय व्हायचा होता. वर घर, खाली गॅरेज, मधे लोखंडी जिना. जिन्याच्या वरच्या पायरीवर कांदा परतल्याचा वास यायचा, खालच्या पायरीवर ग्रीसचा, आणि मधल्या पायरीवर ते दोन्ही वास एकमेकांना वाट देऊन आपापल्या दिशेने निघून जायचे. ती त्या मधल्या पायरीवर क्षणभर थांबायची. घरात तेवढी एकच जागा तिला कोणी दाखवून न देता सापडली होती.

त्या दिवशी ती ट्रे घेऊन उतरली तेव्हा बाहेर दुपार असूनही उजाडल्यासारखं नव्हतं. धुकं सकाळी आलं होतं ते गेलंच नव्हतं. रस्त्यावरून दोन अनोळखी माणसं एक राखाडी गाडी ढकलत आणत होती. गॅरेजच्या दारात गाडी सोडून ती दोघं हात झटकत निघून गेली. स्टिअरिंगवर एक बाई बसल्या होत्या. चाळिशीच्या पुढच्या, केस नीट बांधलेले, दोन्ही हात अजून स्टिअरिंगवरच.

"बंद का पडते ते सांगा," काच खाली करून बाई म्हणाल्या.

"सांगतो आणि दुरुस्तही करून देतो," सासरे म्हणाले. त्यांना गिऱ्हाईक आलं की आधी बोलायला आवडायचं, मग काम.

"दुरुस्तीचं राहू द्या. आधी कारण."

सासऱ्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा म्हणजे तिचा नवरा. उंच, काटकुळा, दोन्ही टोकांना जरा रुंद, म्हणून सगळी गल्ली त्याला 'पाना' म्हणायची. पानाने खांदे उडवले. कारणच हवं तर कारण.

बाई उतरून दाराबाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. तिथून त्यांना गॅरेजच्या आतलं सगळं दिसत होतं.

"गाडी आणि सून," सासरे चहाचा कप उचलत म्हणाले, "पहिले काही दिवस नुसता आवाज ऐकून घ्यावा. पण आमच्या सुनेला माहेरच्यांनी दोन सायलेन्सर बसवून पाठवलंय!"

ती हसली. हा विनोद रोज एका किल्लीत चालू व्हायचा. बंद पडायचं नाव नाही.

मग तपासणी सुरू झाली. बॅटरी ठणठणीत. प्लग काढून इंजिनच्या अंगाला टेकवला, ठिणगी निळी आणि खणखणीत. पेट्रोल येत होतं, हवा येत होती. किल्ली फिरवली की गाडी अर्ध्या फेऱ्यात चालू व्हायची आणि मांजरासारखी गुरगुरत राहायची. आणि मग थांबायची. सासऱ्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनला आणि दुसरं कानाला लावून डोळे मिटले.

"पेट्रोलची तक्रार असती तर खोकली असती, आचके दिले असते," ते म्हणाले. "ही कशी जाते बघ. बोलता बोलता कोणी तोंडावर हात ठेवावा तशी."

"करंट जातोय," पाना म्हणाला. त्याने दुसऱ्या गाडीची, ठिणगीला करंट देणारी कॉइल काढून हिला लावून पाहिली. तेच. "मग खालचा सेन्सर असेल बाबा. पुलीपाशी असतो ना, तो. तापला की झोपतो."

"ओलं फडकं ठेवून बघ. गार झाल्यावर चालू झाली तर तोच चोर."

एवढं बोलून सासरे जेवायला वर गेले. ती कप गोळा करत होती. पानाने फडक्याला हात पुसत तिच्याकडे पाहिलं.

"ऐक ना, जरा आत बसतेस? किल्ली फिरवायचीय फक्त."

आता या घराची एक रीत होती. एका वर्षी बापलेकांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. कशावरून, ते दोघांनाही आठवत नाही. पण बोलणं बंद. काम मात्र बंद ठेवून कसं चालेल? तेव्हा एकाने बॉनेटखाली वाकायचं, दुसऱ्याने सीटवर बसायचं, आणि वाकलेल्याने बॉनेटच्या पत्र्यावर बोटाने वाजवायचं. एकदा वाजलं, चालू. दोनदा वाजलं, बंद. पुढे भांडण मिटलं, रीत राहिली. सोयीचीही होती. बॉनेट उघडं असलं की समोरचा माणूस दिसत नाही, आणि कोपऱ्यातला हवेचा कॉम्प्रेसर मनात येईल तेव्हा धडधडू लागला की आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येत नाही. वाजलं की विचारायचं नाही, डोकावायचं नाही, हात आपोआप वळला पाहिजे, हा सासऱ्यांचा दंडक.

ती आत बसली. दार लावल्यावर बाहेरचं जग एकदम दूर गेलं. गाडीत पेट्रोलचा वास नव्हता, अत्तराचा नव्हता, माणसाचाही नव्हता. पुन्हा पुन्हा घासून धुतलेल्या लोखंडाचा वास होता. समोर काचभर बॉनेटचा काळा पत्रा. त्याच्या खालच्या कडेला बोटभर फट, आणि त्या फटीतून इंजिनचा एक तुकडा आणि नवऱ्याचे हात.

टक.

तिने किल्ली फिरवली. गाडी चालू झाली. टक टक. तिने बंद केली. तिला गंमत वाटली. लग्नानंतर नवऱ्याशी इतकं सरळ, गैरसमज न होणारं बोलणं पहिल्यांदाच होत होतं.

पुन्हा चालू केली तेव्हा गाडी थोडा वेळ गुरगुरली आणि आपली आपणच गप्प झाली. ती वाट बघत बसली. फटीतून इंजिन दिसत होतं. हात दिसत नव्हते. वाकून खाली बघत असतील, तिला वाटलं. गाडीतला गारवा हळूहळू पायांवरून वर चढत होता.

टक.

तिने किल्ली फिरवली. इंजिन गुरगुरलं.

आणि तिच्या बाजूच्या काचेवर कोणीतरी थाप मारली. ती केवढी दचकली! पाना होता. हातातल्या फडक्यातून पाणी गळत होतं.

"कोणी सांगितलं चालू करायला?"

"तुम्हीच वाजवलंत ना?"

"मी मागे नळावर होतो. फडकं भिजवत."

तिने फटीकडे पाहिलं. इंजिन हलत होतं, बाकी काही नाही. तिने किल्ली बंद केली.

"अगं, तापलेलं लोखंड गार होताना वाजतं," तो म्हणाला. "टिक टिक करतं. सवय नाही तुला."

"टिक नव्हतं... टक होतं. आणि अंगठीचा आवाज होता त्यात."

पानाने आपला हात पाहिला. कामाच्या वेळी तो अंगठी काढून किल्ल्यांच्या खिळ्याला अडकवायचा. दोघांनी एकदमच तिकडे पाहिलं. अंगठी खिळ्यावर होती, स्वस्थ.

"तू आणि तुझे कान," तो हसून म्हणाला. पण हसू ओठांपर्यंतच आलं. "उतर तू. बाबांना बोलावतो. उगाच घाबरशील."

सासरे तोंड पुसत खाली आले. "काय, सायलेन्सर फुटला का?" असं विचारून तिच्या जागी बसले आणि सवयीने डोळे मिटून घेतले. डोळे मिटल्याशिवाय त्यांना इंजिन ऐकू यायचं नाही. पाना बॉनेटखाली गेला.

बाहेरच्या बाईंना चहा द्यायचा राहिला होता. तिने ट्रेमध्ये उरलेला कप ठेवला आणि बाकापाशी गेली. बाईंनी कप घेतला, पण ओठाला लावला नाही.

"आत तुम्ही बसला होतात ना?"

"हो."

"वाजलं?"

नव्या सुनेने गिऱ्हाइकाला काय सांगावं, हे सासूबाईंनी अजून शिकवलं नव्हतं.

"वाजलं ना?" बाईंनी पुन्हा विचारलं. आवाज इतका हळू की आर्जव होतं की धाक, कळेना.

"...वाजलं."

बाईंनी डोळे मिटले.

"हीच गाडी, अशीच बंद पडली होती. ओसाड रस्ता. हे उतरले, बॉनेट उघडलं. मला म्हणाले, तू आत बस, पत्र्यावर वाजवलं की किल्ली फिरव." बाई थांबल्या. "वाजलं. मी फिरवली. त्यांचा हात आत होता..."

रस्त्यावर धुकं होतं तसंच उभं होतं.

"दवाखान्यात पोचेपर्यंत ते एकच सांगत होते. 'मी वाजवलं नव्हतं गं.' रागावून नाही... मला समजावत होते. मग गेले." बाईंनी कप बाकावर ठेवला. "घरचे म्हणतात, बाईला घाई. बाईला भास झाला. कोणी तोंडावर म्हणत नाही, पण जेवताना माझ्या हाताकडे बघतात."

तिच्या तोंडून नकळत गेलं, "त्यांच्या बोटात... अंगठी होती?"

"नाही. त्यांना आवडायची नाही. का?"

तिने रिकामा ट्रे छातीशी धरला.

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आत बसला असतात?" बाईंनी तिच्याकडे सरळ पाहिलं. त्या नजरेत वाईटपणा नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "किती गॅरेज फिरले. काहींना ऐकू येतं, मला चेहऱ्यावरून कळतं. पण कबूल कोणी करत नाही. तुम्ही केलंत."

"पण त्यांचा हात आत..."

वाक्य अर्धंच राहिलं. कारण त्याच वेळी गॅरेजच्या कोपऱ्यात कॉम्प्रेसर धडधडू लागला.

ती वळली. दारातून सगळं एका चित्रासारखं दिसत होतं. बॉनेट उघडं. पाना खांद्यापर्यंत आत, गाल इंजिनला चिकटलेला, उजवा हात खाली पट्ट्याच्या आणि पुलीच्या मधून सेन्सरपर्यंत घातलेला. डाव्या हातात टॉर्च. सीटवर सासरे, डोळे मिटलेले, बोटं किल्लीवर.

"बाबा!" ती ओरडली.

कॉम्प्रेसरने ती हाक गिळली. तिचा मोठा आवाज त्या घरात आजवर कोणी ऐकला नव्हता; त्या क्षणी तिनेही ऐकला नाही.

ती धावली. आणि धावताना तिला ते ऐकू आलं. एवढ्या धडधडाटातून, जणू त्या आवाजानेच बाजूला सरून वाट करून दिली...

टक.

सासऱ्यांचं मनगट वळलं. स्टार्टरने पहिला हुंकार भरला. आता हाक मारून उपयोग नव्हता, दार उघडायला वेळ नव्हता. तिच्या हातात स्टीलचा ट्रे होता. तिने तो गाडीच्या मागच्या पत्र्यावर जीव खाऊन आपटला. एकदा. आणि लगेच आणखी एकदा.

दोनदा वाजलं, बंद. सासऱ्यांचं मनगट विचार न करता मागे फिरलं. स्टार्टर अर्ध्यावरच कण्हून थांबला.

पानाने हात बाहेर ओढला. बाही कोपरापर्यंत फाटली होती, कफ पट्ट्यात अडकून राहिला होता. बोटांच्या पेरांवरची साल गेली होती. तो भिंतीला टेकून अंगठ्याने एकेक बोट चाचपत राहिला, पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा पहिल्यापासून.

सासरे उतरले. "हात आत असताना वाजवतोस? अक्कल गहाण ठेवलीस का?"

"मी कुठे वाजवलं?" पानाचा आवाज फाटला. "एक हात आत, एका हातात टॉर्च! काय कपाळाने वाजवू?"

"अरे पण मी ऐकलं ना..."

कॉम्प्रेसर भरला आणि आपला आपण बंद झाला. सासऱ्यांनी बॉनेटकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, मग सुनेच्या हातातल्या चेपलेल्या ट्रेकडे.

बाई दारात येऊन उभ्या होत्या.

"ऐकलंत?" त्यांनी सासऱ्यांना विचारलं.

सासऱ्यांनी मान हलवली. एकदाच.

बाईंनी तोंडावर हात ठेवला. त्या रडत होत्या की हसत होत्या, सांगता आलं नसतं. बराच वेळ त्यांचे खांदे हलत राहिले. "एवढंच हवं होतं," त्या म्हणाल्या. "माझी चूक नव्हती. एवढंच."

"तुमची चूक नव्हती," सासरे दबक्या आवाजात म्हणाले, "पण ताई, ही गाडी रस्त्यावर नेऊ नका. इथेच राहू द्या. उद्या तुकडे करून भंगारात घालतो."

"कारण सांगितलं नाहीत अजून."

"कारण काय सांगू? सगळं ठीक आहे तिचं..."

"हात हवा असतो तिला," सून म्हणाली.

तिघांनी वळून तिच्याकडे पाहिलं. तिचाही तिच्यावर विश्वास बसत नव्हता. पण शब्द येऊ लागले होते. "बिघाड म्हणून बंद पडत नाही ती. बंद पडली की कोणीतरी बॉनेट उघडतं. हात घालतं. त्यासाठीच बंद पडते. आणि वाजवणारे तुमचे मिस्टर नाहीत, ताई. जो वाजवतो त्याच्या बोटात अंगठी आहे."

बाईंच्या चेहऱ्यावर भीती दिसेल असं तिला वाटलं होतं. दिसली ती सुटका. घरी कोणी यायचं राहिलेलं असावं आणि त्याचा पत्ता लागावा, तशी.

"म्हणजे त्या रस्त्यावर माझ्याशिवाय आणखी कोणीतरी होतं," बाई म्हणाल्या.

"होतं. म्हणूनच म्हणते, नेऊ नका."

"इतके दिवस मी एकटीच होते हो," बाईंनी बॉनेटवरून हात फिरवला, झोपलेल्याच्या पाठीवरून फिरवावा तसा. "आता दोघं आहोत."

त्यांनी बॉनेट स्वतः खाली ओढून लावलं. कोणी अडवलं नाही. अडवायला त्या गाडीजवळ जावं लागलं असतं. बाई आत बसल्या, किल्ली फिरवली. गाडी अर्ध्या फेऱ्यात चालू झाली आणि मागे जात धुक्यात शिरली.

तिघं दारात येऊन उभी राहिली. सासूबाई वरून जिन्यातून विचारत होत्या, "अगं, काय आदळलं एवढं?"

गल्लीच्या वळणापाशी गाडीचे मागचे दिवे थबकले. इंजिनचा आवाज गेला. बोलता बोलता कोणी तोंडावर हात ठेवावा तसा.

पानाचा पाय पुढे पडला. त्याचा त्यालाच कळला नसावा. "बघून येतो," तो म्हणाला. "एकटी बाई आहे."

तिने त्याची फाटकी बाही धरली. सासऱ्यांसमोर, भर रस्त्यात, नव्या सुनेने. "जायचं नाही."

"अगं, पण..."

"नाही म्हटलं ना."

तो थांबला. हळूच मागून येऊन सासऱ्यांनीही मुलाचा दुसरा दंड धरला.

धुक्यात बॉनेट वर उचललं गेलेलं दिसलं. मागच्या काचेतून बाईंचं डोकं दिसत होतं. नीट बांधलेले केस, मान किंचित कललेली, कान देऊन बसल्यासारखी. त्या उतरल्या नव्हत्या. त्यांच्या बाजूचं दार बंदच होतं. या तिघांच्या कानावर काही आलं नाही, पण बाईंचा खांदा हलला आणि गाडी चालू झाली.

मग बॉनेट खाली आलं. धाडकन नाही. कोणीतरी दोन्ही हातांनी धरून आणून, वर तळवा दाबून बसवावं, तसं.

"कोणी लावलं ते...?" सासऱ्यांनी विचारलं. इतक्या हळू, की त्यांना उत्तर नकोच असावं.

गाडी जागेवरच गुरगुरत होती, जणू कोणाची तरी वाट बघत. बाई पलीकडे वाकल्या. शेजारच्या सीटचं दार आतून उघडलं गेलं. एखादा माणूस वाकून, पाय आत घेऊन, नीट टेकून बसेल, तेवढा वेळ ते उघडं राहिलं. मग मिटलं. आणि गाडी त्या बाजूला जराशी दबून, एकही आचका न देता, वळणावरून निघून गेली.